तुझ्या माहेरच्या हॉटेलात

सरू,

आपण दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे हॉटेलातल्या चादरीची घडी. तू खिडकीकडे, मी दाराकडे. दोन टोकं तुझ्या हातात, दोन माझ्या. मी म्हणलं, टाक तशीच, आपण भाडं भरलंय, करतील त्यांचं ते. तू म्हणालीस, भरलं असेल, पण आपलं अंथरूण आपण उचलावं. दर वर्षी हेच बोलणं आणि दर वर्षी मीच हरायचो. चादर झटकली, चालत चालत जवळ आलो, तू माझ्या हातातली टोकं घेतलीस आणि म्हणालीस, "नीट धरा की, कॅन्टीनचं फडकं हाय का ते?" मग उशा रचल्या, खिडकी लावली, एसटी धरून ओझरला आलो. त्याच आठवड्यात तू सकाळी मोरीपाशी बसलीस ती उठलीच नाहीस. डॉक्टर म्हणाला, हृदय. मी म्हणलं, तिच्यात तेवढंच एक धड होतं, तुम्ही दुसरं काहीतरी बघा.

आता जो येतो तो मला सांगतो, बाबा, झालं गेलं सोडा, ती सवाष्ण गेली, सोन्यासारखी गेली. दहाव्याला गुरुजी म्हणाले, वैतरणी पार करायला गाय दान करा. मी म्हणलं, गुरुजी, ती वैतरणेच्या काठचीच हाय, तिला पोहता येतं. लोक हसले नाहीत. तू हसली असतीस, पदर तोंडाला लावून. तर राग सोडा असं सगळे सांगतात आणि मी सोडणार नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे तू मधे अडवायला नको.

मी चौथी शिकलेला माणूस. सगळा जन्म विमानाच्या कारखान्यातल्या कॅन्टीनला काढला. हजार माणसांचा चहा एका हाताने ओतलाय, पण चार ओळी लिहायच्या म्हणजे घाम फुटतो. तरी लिहितो, कारण हे बोलायला समोर तूच लागतेस आणि तू नाहीस.

तुझा भाऊ निवृत्ती. धाकटा म्हणून तू त्याला कडेवर वागवलंस. तुमचं घर वैतरणेच्या तलावाला लागून. आपल्या लग्नाच्या सुमाराला धरण झालं, भाताची चांगली जमीन पाण्यात गेली आणि तुमच्या बापाकडे राहिला तो काठावरचा माळ. त्यात नागली कशीबशी यायची, बाकी दगड. पण समोर ताटासारखं पाणी आणि पाण्याच्या पलीकडे डोंगर, हरिहर गडाचा उभा कडा, त्याच्यामागे आणखी डोंगर. तू सांगायचीस, लहानपणी त्या डोंगरांकडे बघत बसले म्हणून आईचा मार खाल्लाय, कारण तोवर शेरडं लोकांच्या नागलीत शिरायची. पुढे तेच डोंगर बघायला मुंबईचे लोक गाड्या घेऊन यायला लागले आणि तुझ्या भावाला त्या माळाची किंमत कळली.

तुझा बाप गेला त्या वर्षी निवृत्ती डझनभर केळी घेऊन ओझरला आला. म्हणाला, आक्का, माळात काय हाय, धोंडे. पण कागद नीट केलेला बरा. बहिणींनी हक्क सोडला की माहेर राहतं. हे त्याने काही नवीन सांगितलं नाही. आपल्याकडे सगळ्या बहिणी असंच करतात. बहीण सही करते आणि भाऊ तिच्यासाठी दार उघडं ठेवतो. दिवाळीला बोलावणं, भाऊबीज, निघताना ओटीत नारळ आणि खण. तू इगतपुरीला जाऊन सही करून आलीस आणि त्या दिवशी तू खूश होतीस. मी तेव्हाही म्हणलं होतं आणि आजही म्हणतो, त्या कागदावर फक्त तुझी बाजू लिहिली होती. त्याची बाजू तोंडी होती.

दोन दिवाळ्या बोलावणं आलं. मग निरोप आला, आक्का, या वर्षी बांधकाम चालू हाय, घरात सिमेंटच्या गोण्या हायत. त्याच्या पुढच्या वर्षी निरोपही आला नाही. आणि मग एक दिवस कॅन्टीनमध्ये आमच्यातला एक फिटर चहाच्या रांगेतून ओरडला, अरे, तुझ्या सासुरवाडीला झकास हॉटेल झालंय, आम्ही बायकापोरांना घेऊन राहून आलो. मालक तुझा मेव्हणा ना? आम्हाला काही सूट मिळवून दे की. नाव पण काय ठेवलंय, 'माहेरवास'.

घरी येऊन तुला सांगितलं तेव्हा तू मेथी निवडत होतीस. "काय नाव म्हणालात?" मी पुन्हा सांगितलं. तू विचारलंस, पाटी कोणत्या रंगाची आहे. मला काय माहीत. मेथीचे देठ पाल्यात आणि पाला देठात टाकत राहिलीस.

त्या भाऊबीजेला तू न्हाऊन, ताट करून बसलीस. निरांजन, सुपारी, अक्षता. दुपार झाली, ताट तसंच. दिवेलागणीला तू ते उचललंस, अंगणात गेलीस आणि चंद्राला ओवाळलंस. ज्या बाईला भाऊ नसतो ती चंद्राला ओवाळते, हे मला माहीत होतं. भाऊ जिवंत असताना, ताठ चालत असताना, गल्ल्यावर बसलेला असताना ओवाळलेलं मी पहिल्यांदा बघितलं. शेजारच्या बाईनेही बघितलं आणि ती आत निघून गेली. मी उंबऱ्यावर उभा होतो. मी तिथेच ठरवलं, पुढच्या वर्षी हिला माहेरी नेणार. बोलावणं नाही ना, ठीक. तिथे बोलावणं लागतच नाही. तिथे भाडं लागतं.

दुसऱ्या वर्षी एसटीडी बूथवरून मीच फोन लावला. पलीकडे कोणीतरी नोकर होता. तळ्याच्या बाजूची खोली हवी म्हणलं, दोन दिवस. किती माणसं? दोन. मुंबईचे का? नाही, ओझरचे. तुला सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, "डोकं फिरलंय तुमचं." पण नवं पातळ काढून उन्हात टाकलंस ते मी बघितलं.

ठरलेल्या दिवशी निघालो. एसटीतून उतरलो. कमान, कुंड्या, निळी पाटी. मी पुढच्या दाराने आत शिरलो आणि मागे बघतो तर तू नाहीस. तू सवयीने जुन्या घराला वळसा घालून मागच्या दाराला गेली होतीस, स्वयंपाकघराकडे. चपला बाहेर काढून ठेवल्या होत्यास. लेक माहेरी येते ती पुढच्या दाराने थोडीच येते. तिथे टोपी घातलेला एक आचारी होता. तो म्हणाला, "ओ बाई, इकडून नाही, गेस्टनी पुढून यायचं." तू चपला हातात घेऊन पुढे आलीस. घातल्या नाहीस, हातात घेऊनच आलीस. मला म्हणालीस, दार बदललंय.

गल्ल्यावर तुझा भाऊ. सफारी घातलेला, बोटात अंगठ्या. तुला बघून उठला. "आक्का, तू? अगं, कळवायचं नाय का?" मी म्हणलं, कळवलंय, फोन केलाय, खोली आमच्या नावावर आहे. तो हसला, म्हणाला, दाजी, चेष्टा करता का, घरचं हाय, चला आत, खोली कशाला. मी म्हणलं, "घरचं असतं तर आतापर्यंत चार दिवाळ्या झाल्या असत्या. आम्ही गिऱ्हाईक हाय. चावी दे आणि चहा तू स्वतः आण." चार माणसं होती तिथे, पुण्याकडची का कुठली, सगळी बघायला लागली. तो चहा घेऊन आला. चहा भिकार होता, तेही मी सांगितलं.

माझं मन त्या दिवशी जेवढं निवलं तेवढं नंतर कधी निवलं नाही. पण दर वर्षी जायचंच, हे ठरलं. निघताना मी गल्ल्यावर उभा राहून मोठ्याने बिल मागायचो. तो म्हणायचा, दाजी, नका. मी म्हणायचो, घे. बहिणीकडून भाडं घेणारा भाऊ कसा दिसतो ते लोकांना बघू दे. पहिली दोन वर्षं त्याने नाही नाही केलं. तिसऱ्या वर्षी मुकाट घेतलं. मला वाटलं, हरला.

खोलीत गेल्यावर मी नळ सोडून बघायचो, गादी दाबून बघायचो, उशीचा वास घ्यायचो आणि प्रत्येक गोष्टीची तक्रार करायचो. वरणात पाणी आहे. टॉवेल ओला आहे. गरम पाणी कोमट आहे. भिंतीवर लिहिलं होतं, बाहेरचे खाद्यपदार्थ आणण्यास मनाई आहे. तू पिशवीच्या तळाशी, साडीच्या घडीत लपवून भाकरी आणि ठेचा न्यायचीस. आणि खालच्या कार्डावर नागलीची भाकरी 'गावरान स्पेशल' म्हणून लिहिलेली. तू वाचून म्हणालीस, "आम्ही हीच खायचो तेव्हा लोक आम्हाला दळभद्री म्हणायचे." आणि मग आपण दोघं बाल्कनीत बसून चोरासारखी भाकरी खाल्ली. तुझ्या माहेरी. तुझ्या बापाच्या जागेवर.

तू मात्र त्या दोन दिवसांत काही करायची नाहीस. खुर्ची ओढायचीस आणि डोंगराकडे बघत बसायचीस. सकाळचं पाणी पांढरं, दुपारी निळं, सांजेला डोंगराची सावली पडून काळं. मी म्हणायचो, किती बघशील. तू म्हणायचीस, बघू द्या, आता मारायला आई नाही आणि शेरडं पण नाहीत.

एका वर्षी फोनवर सांगितलं, फुल्ल आहे. मला माहीत होतं, खोटं आहे, निवृत्तीनेच सांगायला लावलं. मी तरी तुला घेऊन निघालो आणि समोरच्या काठाला एका साध्या लॉजवर उतरलो. पत्र्याचं छप्पर, गोधड्यांना कुबट वास, अंघोळीला बादली. मी सगळा वेळ त्याला शिव्या देत होतो. तू काठाला जाऊन बसलीस. थोड्या वेळाने मला हाक मारलीस आणि पाण्यापलीकडे बोट दाखवलंस. हॉटेल, त्याला जोडलेलं जुनं घर, त्याच्या मागचा आंबा. म्हणालीस, "इथून माहेर दिसतं. तिथं राहिलं की नाही दिसत." मी शिव्या देणं थांबवलं. पण तेवढ्यापुरतंच.

आणि ती पायडलची होडी. मोबाईलवर फोटो काढायचं खूळ नुकतंच आलं होतं त्या वर्षी. लाल जाकिटं घालून आपण दोघं म्हातारे होडीत बसलो, तू नऊवारीवर जाकीट चढवलेलं, आणि मुंबईच्या पोरी आपला फोटो काढत होत्या. तू एका लयीत पाय मारायचीस, मी दुसऱ्या. होडी जागच्या जागी फिरत राहिली. तू म्हणालीस, चाळीस वर्षं असंच चाललंय आपलं. मग तू एकटीने पाय मारलेस, मला पाय उचलून धरायला लावलेस आणि होडी सरळ गेली. मधे कुठेतरी थांबवलीस. म्हणालीस, इथं आमची विहीर. मी वाकून बघितलं, काय दिसणार, पाणी. पण तू हात घालून पाणी घेतलंस आणि प्यालीस. त्याचं मी कधी तुला बोललो नाही, पण तेव्हा तू मला लय आवडलीस.

आपलं भांडण एकच होतं आणि ते मिटलं नाही. तू विचारायचीस, "तुम्ही मला माहेरी नेता का त्याला टोचायला नेता?" मी म्हणायचो, दोन्ही, एकाच तिकिटात. तू हसायचीस. पण मला तुझा राग यायचा, खरं सांगतो. इतक्या वर्षांत तू त्याला एक वाकडा शब्द बोलली नाहीस. तो समोर आला की, "बरा आहेस का?" एवढंच. मी म्हणायचो, एकदा तरी बोल त्याला, तुझं तोंड कोणी शिवलंय का? तू म्हणायचीस, गिऱ्हाइकानं काय बोलायचं, चहा चांगला होता म्हणायचं. मला वाटायचं, ही मऊ पडली. मनातून माफ करून बसली आणि भांडायला मला एकट्याला पुढे केलं. परवा त्या चादरीच्या वेळीही माझ्या मनात हेच होतं. ज्याने तुला दाराबाहेर ठेवलं त्याच्या चादरीची तू घडी करतेस.

मग तू गेलीस.

आपली लेक मंगल नामपूरहून आली, जावई आले, गल्ली भरली. तुला अंगणात ठेवलं होतं. बायका बोलायला लागल्या, माहेरचं लुगडं आलं का, माहेरचं लुगडं आलं का. सवाष्ण बाई जाते ती माहेरचं नेसून जाते, त्याशिवाय उचलत नाहीत. आणि त्याच वेळी निवृत्तीची गाडी आली.

येवल्याची पैठणी आणली होती त्याने. हिरवीगार, पदरावर मोर. बायका रडता रडता तिच्या काठावरून बोट फिरवून बघत होत्या. तो आत यायला लागला आणि मी दारात आडवा उभा राहिलो. म्हणलं, परत घेऊन जा.

मंगल म्हणाली, "दादा, असं नका करू. आईला माहेरचं लागतं." जावई मला म्हणाले, मामा, ही वेळ नाही. मी म्हणलं, हीच वेळ हाय, दुसरी आता कुठून आणू.

निवृत्ती तिथेच खाली बसला, मातीत, त्या सफारीसकट. पैठणी मांडीवर. आणि तो जे बोलला ते मी तुला जसंच्या तसं सांगतो, कारण तू मला कधी सांगितलं नाहीस.

तो म्हणाला, "दाजी, दर वर्षी तुम्ही गल्ल्यावर बिल करायचे ना, तेव्हा माझी बायको ओटीचं ताट घेऊन मागच्या दाराशी उभी राहायची. मीच सांगायचो तिला. आक्का तिथं यायची. पण पदर पुढं नाय केला तिनं. एकदा पण नाय. म्हणायची, गिऱ्हाइकाची ओटी भरतात का कुठं? इतकी वर्षं, दाजी. पाया पडलो तरी नाय. आता तरी हे घालू द्या."

सरू, तू समोर पडली होतीस आणि मला हसू आलं. खोटं कशाला सांगू. लोकांना वाटलं रडतोय, त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवले. मला वाटत होतं, सूड माझा. मी गल्ल्यावर बोंबलत होतो, चहाला नावं ठेवत होतो, पुण्याच्या लोकांना तमाशा दाखवत होतो आणि त्याने तो सगळा माझा आरडाओरडा पचवला होता. त्याला जे पचत नव्हतं ते तू मागच्या दाराशी, आवाज न करता देत होतीस. ज्या दाराने तुला त्यांनी माघारी पाठवलं त्याच दाराशी. ती बाई दर वर्षी भरलं ताट परत आत न्यायची. नारळ बहुतेक दुपारी गेस्टच्या चटणीत जात असेल.

पण मला का नाही सांगितलंस? एवढं एकच माझं तुझ्याशी भांडण राहिलं. आपण एकाच एसटीने जायचो, एकाच बाकावर बसायचो, येताना मी तुला सांगायचो की त्याचं तोंड कसं पडलं, आणि तू खिडकीतून बघत, हो का, म्हणायचीस. इतकी वर्षं मी एकटाच लढतोय असं समजत होतो. तुला ते कोणाला दाखवायचं नव्हतं, मलासुद्धा नाही. की तुला भीती वाटली, मी गल्ल्यावर तेही मोठ्याने सांगेन म्हणून? सांगितलं असतं. तू मला बरोबर ओळखलंस.

तर मी त्याला म्हणलं, "मग तिचं उत्तर तुला माहीत हाय. मला कशाला विचारतो?" तो पैठणी घेऊन उठला. मंगलने तुझं जांभळं पातळ काढलं, मी रिटायर झालो त्या वर्षी घेतलेलं. तेच नेसून तू गेलीस. म्हाताऱ्या कुजबुजल्या, मंगल माझ्याशी बोलेना. निवृत्ती खांदा द्यायला पुढे आला तेव्हा मी जावयाला खूण केली, त्यांनी ती जागा घेतली. तो मागून चालत आला, अनवाणी.

रात्र कशी गेली ते विचारू नकोस. मला एकच गोष्ट खुपत होती. मातीत बसून रडणं सोपं असतं, चार लोक बघतात. खरं रडणं का खोटं, ते धंद्यावरून कळतं. त्याच्यासाठी तू बहीण म्हणून गेलीस का गिऱ्हाईक म्हणून, हे मला बघायचं होतं. भावाला लग्न झालेल्या बहिणीचं तीन दिवसांचं सुतक. मनात म्हणलं, सकाळी जाऊन बघतो, गल्ला उघडा आहे का. उघडा असला की झालं, माझं काम संपलं, मग मी जन्मभर सांगत फिरायला मोकळा.

पहाटे उठलो, टोपी घातली. मंगल दारात आडवी झाली. काल मी त्याच्यापुढे झालो होतो तशीच. म्हणाली, "दादा, सुतकात कोणाच्या घरी जायचं नसतं." मी म्हणलं, घरी कुठं चाललोय, हॉटेलात चाललोय. ती रडत बाजूला झाली.

पहिल्या गाडीने गेलो. शेजारचं बाक रिकामं ठेवावं असं वाटलं, पण घोटीला एक बाई कोंबड्यांची पाटी घेऊन बसली. फाट्यावर उतरलो, चालत गेलो. तळं नेहमीसारखंच. डोंगरही तसेच.

हॉटेल बंद होतं. कमानीला साखळी घातलेली. खांबावर कागद, घरात दुःखद घटना घडल्यामुळे तीन दिवस बंद. आणि निवृत्ती पायरीवर बसलेला, दाढी न केलेली, अंगावर नुसतं धोतर. सफारीतल्या माणसाला मी धोतरात पहिल्यांदा बघितलं. हुबेहूब तुझ्या बापासारखा दिसत होता. मला बघून उठला. म्हणाला, "दाजी, सुतक पाळतोय."

मला वाटत होतं मी जिंकायला आलोय आणि माझ्या हातात काहीच नव्हतं. मग जो राग आला तो कालच्यापेक्षा मोठा होता. त्याला म्हणलं, ती जिवंत होती तेव्हा एका भाऊबीजेला तुझी ही साखळी लागली नाही. गेस्ट आहेत म्हणालास. सिमेंट आहे म्हणालास. फुल्ल आहे म्हणालास. आणि आता ती येणार नाही म्हणल्यावर तीन दिवस बंद. आता हे घर झालं. हे मी सगळं त्याला बोललो, आणखीही बोललो, ते लिहीत नाही.

शेवटी म्हणलं, "सुतक भावाला लागतं. तू हॉटेलवाला. उघड."

तो म्हणाला, "दाजी, मारा मला पाहिजे तर. पण एवढं काढून घेऊ नका."

तेवढ्यात मागून गाडी आली. मुंबईची, आत नवरा-बायको आणि दोन पोरं, टपावर सामान बांधलेलं. माणूस काच खाली करून म्हणाला, आमचं बुकिंग आहे, बंद का आहे? निवृत्ती हात जोडून पुढे झाला. तो बोलायच्या आधी मी बोललो. म्हणलं, चालू आहे. बाई गेली ती आमच्या घरातली, यांच्या नाही. यांना काही नाही.

मग मी जाऊन खांबावरचा कागद काढला, घडी केली आणि निवृत्तीच्या हातात दिला. त्याने माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत डोळे घालून लय वेळ बघितलं आणि मी नजर काढली नाही. गाडीतल्या बाईने विचारलं, अहो, पोरांना बाथरूमला जायचंय, नक्की काय आहे? निवृत्तीने साखळी काढली. गाडी आत गेली. त्याने डिकी उघडून बॅगा काढल्या, दोन्ही हातांत दोन, एक काखेत, आणि त्या धोतरावर वाकून चालत गेला. त्यांना म्हणाला, "या, या. पाणी गरम आहे."

मी फाट्यापर्यंत चालत आलो आणि एसटीला हात केला.